आईची बॅग आणि तुमचे सल्ले

आज सकाळी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मैत्रिणीने लिहिलं की तिचे आईबाबा व्हिएन्नाला पोचले, पण बॅगा पोचल्या नाहीत. सत्तरीतली माणसं, पहिलाच परदेश प्रवास. चहा संपेपर्यंत खाली सल्ल्यांची रांग लागली. "केबिन बॅगच न्यायची." "एअरटॅग टाकला नव्हता का? बॅग कुठे आहे ते फोनवर दिसलं असतं." "थेट विमान घ्यायचं, चार पैसे वाचवायला कशाला जायचं." "औषधं हातातल्या पिशवीत ठेवायची एवढंही कळत नाही?" काकू उद्या आंघोळ करून काय नेसणार, हे एकानेही विचारलं नाही.

संताप आला मला. बॅग हरवली कंपनीने आणि फटके खातायत म्हातारी माणसं. तेही आपल्याच लोकांकडून!

माझी आई माझ्या बाळंतपणाला आली तेव्हाचं सांगते. कराडहून रात्रीच्या गाडीने मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून इथे स्वीडनमधलं गोथेनबर्ग. मुंबईहून गोथेनबर्गला थेट विमान नाही, तेव्हा तो सल्ला आपल्याजवळच ठेवा. तिकीट एकच, पहिलं विमान एका कंपनीचं, दुसरं तिच्या भागीदार कंपनीचं. मध्ये जेमतेम सव्वा तास. ही वेळ आम्ही नाही ठरवली, कंपनीनेच जोडून विकली. फ्रँकफर्टला ४५ मिनिटांत विमान बदलता येतं असं त्यांच्या हिशेबात धरलेलंच असतं. त्यात शेंगेनची, म्हणजे युरोपात शिरतानाची, पासपोर्ट तपासणी तिथेच होते, सुरक्षा तपासणी पुन्हा होते, आणि मुंबईचं विमान अर्धा तास उशिरा उतरलं तर तो हिशेब कोणाच्या कामाचा? माणूस धापा टाकत गेटवर पोचतो, बॅग मागे राहते. बॅगा सगळ्यात जास्त चुकतात त्या अशाच, एका विमानातून दुसऱ्या विमानात जाताना.

आणि आईने काय करायचं बाकी ठेवलं होतं? बीपीच्या गोळ्या पर्समध्ये. बॅगेवर आतून-बाहेरून नाव, पत्ता, माझा फोन. लांबून ओळखू यावी म्हणून हँडलला जुन्या साडीचा हिरवा काठ बांधलेला. व्हीलचेअरही मागितली होती. हो, तिचे गुडघे ठणठणीत आहेत. पण इंग्रजी येत नाही, आणि त्या विमानतळावर बाईला हात धरून नेणारं दुसरं कोण आहे? खरोखर चालता न येणाऱ्यांची खुर्ची आपण अडवतो, हे बोलणं मला पटतं. पण मग भाषा न येणाऱ्यांसाठी वेगळं माणूस ठेवा ना.

गोथेनबर्गला पट्टा फिरून फिरून थांबला. मी बाहेर, आठव्या महिन्याचं पोट घेऊन उभी. आत जाऊ देईनात. आत आई एकटी, काउंटरवर. तिथे बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता असतो, त्यातलं आपल्या बॅगेसारखं चित्र दाखवायचं. तिने चित्र बरोबर दाखवलं. रंग सांगितला गडद हिरवा, मराठीत. त्यांनी लिहिलं काळा. हिरव्या काठाचा तर उल्लेखच नाही. मी घरी येऊन कागद वाचला तेव्हा लक्षात आलं. ते बदलून घ्यायला केलेले फोन आठवले तरी डोकं उठतं.

त्या कागदाला पीआयआर म्हणतात. त्यावर अक्षरं-आकडे मिळून दहा खुणांचा तक्रार क्रमांक असतो. सल्लाच द्यायचा असेल तर हा द्या की: विमानतळाबाहेर पडायच्या आधी हा कागद हातात घ्या, बॅगेचं स्टिकर फेकू नका, टूथब्रशपासून चपलेपर्यंत जे विकत घ्याल त्याची पावती जपा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा १९९९ चा माँट्रियल करार आहे, भारत २००९ पासून त्यात आहे. बॅग २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार, मोडकी मिळाली तर ७ दिवसांत. कोर्टात जायची मुदत दोन वर्षं. दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या तर पहिली, शेवटची, किंवा जिच्या ताब्यात असताना बॅग गेली ती, यांतली कोणतीही धरता येते. आम्हाला आधी पहिलीने दुसरीकडे पाठवलं, मग दुसरीने पहिलीकडे. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवा फॉर्म, आणि पहिल्यापासून तीच कहाणी.

भरपाईला मर्यादा आहे. तेव्हा माणशी १,२८८ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) होती, डिसेंबर २०२४ पासून १,५१९ झाली. रुपयांत दीड लाखाच्या वर. पण तेवढे आपोआप मिळत नाहीत. नुकसान किती ते तुम्ही दाखवायचं. फॉर्ममध्ये रकाने: वस्तू, खरेदीची तारीख, किंमत, पावती.

आईच्या बॅगेत काय होतं? डिंक, अळीव, मेतकूट, सुंठ. मावशीने शिवलेली झबली-टोपडी. आणि आजीच्या दोन लुगड्यांची गोधडी. आजी माझ्या लग्नाआधी गेली. आईने ती गोधडी वर्षभर दुपारी बसून घातली होती, धावदोरा इतका बारीक की आमच्या काकू म्हणाल्या यंत्रावर घातलीस का. आणा पावती! मी कंपनीतल्या बाईंना ईमेलमध्ये सगळं लिहिलं. उत्तर आलं की पावती नसल्यास अंदाजे बाजारभाव द्यावा.

बाजारभाव.

थांबते जरा. त्या बाईंची चूक नव्हती, त्यांच्यासमोर तोच फॉर्म होता. बॅगा उचलणाऱ्या पोरांवरही माझा राग नाही. पहाटे तीनला पावसात पाठ मोडून काम करतात. कोविडमध्ये ही माणसं आधी काढून टाकली. मग २०२२ च्या उन्हाळ्यात गर्दी परत आली आणि लंडनच्या हीथ्रोवर, ॲमस्टरडॅमच्या स्किपोलवर बॅगांचे ढीग लागले. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने तर लंडनहून डेट्रॉइटला एक विमान प्रवाशांशिवाय नेलं, फक्त हजारभर अडकलेल्या बॅगा घेऊन. म्हणजे ठरवलं की करता येतं. आणि २०१८ पासून आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्याच जागतिक संघटनेचा, नियम आहे की बॅग ताब्यात घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे देताना आणि परत करताना, चारही ठिकाणी तिची नोंद हवी. मग आम्हाला फोनवर "कुठे आहे सांगता येत नाही" हे उत्तर का मिळतं?

एअरटॅग टाका, फायदा होतो, मान्य. पण तिकिटाबरोबर बॅग पोचवण्याचे पैसे आपण दिलेले असतात. ती शोधायचं यंत्रही आपणच घ्यायचं, फोनही आपणच करायचे, आणि वर अक्कलही आपलीच काढायची?

आमची बॅग आली नाही. लेक झाली तेव्हा तिला इथल्या दुकानातलं पांढरं ब्लँकेट गुंडाळलं. ऊबदार होतं, छान होतं. आई मात्र महिनाभर मला म्हणत राहिली, "मीच हातात घेऊन यायला हवी होती." किती वेळा सांगितलं तिला, आई, तुझं काही चुकलं नाही, तुझ्या हातातली पिशवी सात किलोची, त्यात स्वेटर आणि औषधं. तिला पटलं नाही. कारण कराडला फोन केला की प्रत्येक जण तिला तेच विचारायचा, "हातात का नाही घेतलीस?" म्हणून आज ग्रुपवरचे ते मेसेज वाचून मला राहवलं नाही.

ज्यांच्या आईवडिलांच्या, सासूसासऱ्यांच्या बॅगा अडकल्या असतील त्यांनी मला मेसेज करा. तक्रारीच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, इंग्रजीत आणि स्वीडिशमध्ये. जर्मन कोणाला चांगलं येत असेल तर भाषांतराला मदत करा, व्हिएन्नासाठी आजच लागेल. काकूंची साडी-ब्लाउजची सोय होईल असं व्हिएन्नात कोणी ओळखीचं असेल तर तेही कळवा. त्यांना गाऊनमध्ये बाहेर पडायला संकोच वाटतोय.