नॉन-ऑक्युपन्सीचा हिशोब एकदा तपासा

लेखात घरभाडं म्हणजे बसल्याजागी मिळणारं उत्पन्न असं लिहिलंय, वाचून हसूच आलं. आमचा डोंबिवलीत वन बीएचके आहे, भाडेकरू बदलला तेव्हा अ‍ॅग्रीमेंटची स्टॅम्प ड्युटी, 1000 रुपये रजिस्ट्रेशन, एजंटला एक महिन्याचं भाडं, वर रंगकाम, पहिले दोन महिने तर यातच गेले. आणि सोसायटीचं वेगळंच. बिलात नॉन-ऑक्युपन्सी (म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते तो चार्ज) 340 रुपये, म्हटलं एवढे कसे, तर सेक्रेटरी काका म्हणे अख्ख्या मेंटेनन्सचे 10 टक्के. अहो पण 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे फक्त सर्व्हिस चार्जेसच्या (वॉचमन, साफसफाई असल्या रोजच्या सेवांचा खर्च) 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतात, प्रॉपर्टी टॅक्स वगैरे त्यात धरायचाच नाही, आमचे सर्व्हिस चार्जेस 1200 म्हणजे होतात 120. लेखी अर्ज दिला, पोच घेतली (ही घ्याच, नंतर कोणी ओळख देत नाही), तीन मीटिंगा झाल्या तेव्हा कुठे बिल सुधारलं, जुने पैसे मात्र अजून "अ‍ॅडजस्ट करू" वरच अडकलेत. एजंट पोलीस व्हेरिफिकेशनचे पण 1500 मागत होता, भाडेकरूची माहिती पोलिसांच्या साइटवर फुकटात भरता येते, मुलीने चहा होईपर्यंत मोबाईलवरून भरून टाकली.