परदेशातून: मिडफिल्डर पार्सलने येत नाही

नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्याला आपण फुटबॉलमध्ये बांगलादेशकडून 1-0 ने हरलो आणि त्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर जे पेटलं ते अजून धुमसतंय. एरवी या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं आणि कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन, बाकी शांतता. पण बांगलादेश म्हणजे फारच झालं, त्यांच्याकडून आपण 22 वर्षं हरलो नव्हतो. दादाचं म्हणणं एकच, की बघा त्यांनी कसा इंग्लंडहून हमझा चौधरी आणला, लेस्टर क्लबचा मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा, एफए कप ही तिकडची मोठी स्पर्धा जिंकलेल्या टीममधला, आई बांगलादेशी एवढ्यावर आला ना तो, आणि आपलं सरकार ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे भारतीय वंशाच्या पण परदेशी पासपोर्ट असलेल्यांना, उंबऱ्याच्या आत घेत नाही. धाकट्या चुलतभावाचं लगेच सुरू, इथल्या पोरांना आधी ग्राउंड द्या, मग पाहुणेमंडळी बोलवा. दोघंही व्हॉइस नोटवर, त्यामुळे चढलेला आवाजसुद्धा ऐकायला मिळाला. शेवटी आत्याने मलाच मधे ओढलं, "तू तिकडे असतेस ना, तूच सांग बाई कोण बरोबर."

तर मी तिकडे म्हणजे टोकियोत, निशी-कासाईला, अकरा वर्षं झाली. फुटबॉलमधली तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही, पोराच्या मॅचला पाण्याच्या बाटल्या भरणारी आई आहे. पण हे दोघं असं बोलतायत जसं काही हा प्रयोग आपल्याकडे अजून व्हायचाय. अरे, झालाय की! आणि आपल्या पुण्यातल्या बालेवाडीतच झालाय!

इझुमी अराता आठवतोय का कुणाला? जन्म 1982 चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा, वडील गुजराती, आई जपानी. सिंगापूरच्या लीगमध्ये खेळून 2006 मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबला आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला आणि मग पुणे एफसीला. दादानेच मला दोन-तीनदा बालेवाडीला नेलं होतं, एवढं मोठं स्टेडियम आणि माणसं मोजून घ्यावीत इतकी, सगळ्यांचे आवाज वेगवेगळे ओळखू यायचे. तेव्हा मला फुटबॉल काडीचा कळत नव्हता, पण हा माणूस लक्षात राहिला कारण बॉल दुसरीकडे असताना तो सारखा मागे वळून बघायचा, मला वाटलं कुणाला तरी शोधतोय. तेव्हा तो आशियाई परदेशी खेळाडूंच्या कोट्यातून खेळायचा. मग त्याने जपानी पासपोर्ट सोडला, भारतीय घेतला, कागदोपत्री नाव नीलकंठ खंभोलजा. कारण 2008 पासून आपल्याकडे नियमच आहे की देशाकडून खेळायचं तर पासपोर्ट भारताचाच हवा, ओसीआय कार्ड चालत नाही, आणि दोन पासपोर्ट ठेवायला भारतही देत नाही आणि जपानही.

फेब्रुवारी 2013 मध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला, कोचीला, पॅलेस्टाईनविरुद्ध, आणि आपण 4-2 ने हरलो. वय तिशीच्या पुढे गेलेलं. देशाकडून त्याच्या मॅच दहासुद्धा झाल्या नाहीत. म्हणजे मिडफिल्डरची जी खरी वर्षं, चोविसाव्या-पंचविसाव्यापासून तिशीपर्यंतची, ती सगळी तो भारतात आपल्यातच होता, आपल्याच लीगमध्ये खेळत होता, पण देशाच्या टीमला मिळाला तो पार उतरणीला लागल्यावर. दादा, हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे, घे. आत्ता भारताकडून खेळायला आलेल्या रायन विल्यम्सचंही तसंच, पर्थमध्ये जन्मलेला, आईचं घराणं मुंबईचं, आजोबा संतोष ट्रॉफीत, म्हणजे आपल्या राज्याराज्यांच्या स्पर्धेत, बॉम्बेकडून खेळलेले, त्याने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडेपर्यंत तोही 32 चा झालाच ना.

पण आता पुढचं ऐक.

माझा पोरगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याच्या टीममध्ये मिडफिल्डला खेळतो. आराकावा नदीच्या काठाला पूर आला तर पाणी पसरावं म्हणून जी सपाट जागा सोडलेली असते तिथे ओळीने ग्राउंड आहेत, रविवारी सकाळी साडेसातला आईबापांनी जाऊन जाळ्या बांधायच्या, ड्युटी लावलेली असते, आणि खाडा केला तर कुणी काही बोलत नाही, पण ते न बोलणंच फार जड जातं. इथलं सगळं सोनं आहे असं नाही हां, आमचा गेल्या तीन वर्षांतला एकही रविवार आमचा राहिलेला नाही आणि काही कोच तर आपल्या शाळेतल्या पीटीच्या सरांना लाजवतील असे ओरडतात. बारा वर्षांखालची पोरं इथे आठ-आठ जणांची मॅच खेळतात, कारण अकरात बॉल वाट्यालाच येत नाही. चांगलं वागलं तर रेफरी ग्रीन कार्ड दाखवतो, ते मिळालं की घरी येऊन आधी तेच सांगतो, स्कोअर नंतर. आणि या सगळ्यात कोच एकच गोष्ट दिवसभर ओरडत असतो, "कुबी फुरे!" म्हणजे मान फिरव. बॉल येण्याच्या आधी मागे बघ, डावीकडे बघ, मग बॉल घे. मारलेला पास चुकला तर चालतं, पण न बघता घेतला तर खेळ थांबवून परत घ्यायला लावतो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला एकदम बालेवाडी आठवली. अच्छा, म्हणजे तो माणूस कुणाला शोधत नव्हता तर!

तर माझं म्हणणं असं की मान फिरवायची ही सवय आठ ते चौदा या वयात लागते, ज्या ग्राउंडवर लागते तिथली ती कमाई असते, आणि ती पासपोर्टबरोबर बदलून मिळत नाही. अराताची जपानमध्ये लागलेली, ती आपल्याला आयती मिळाली. आयती घ्यायला माझी ना नाही, नियम उघडा, तो नियम मला अडाणीपणाचाच वाटतो. पण त्यातल्या त्यात मिडफिल्डर हा आयात करायला सगळ्यात अवघड माल आहे. स्ट्रायकर एकटाही गोल मारून जातो, गोलकीपर एकटा मॅच वाचवतो. मिडफिल्डरने मान फिरवून बघितलं आणि त्याला पाहिजे त्या जागी कुणी पळतच नसलं तर? मग तो बॉल मागे देतो आणि घरी बसलेले आपण म्हणतो, हा कसला, ह्याच्यापेक्षा आपली पोरं बरी. हमझाचंच बघ, त्याने बांगलादेशात फुटबॉलचं वेड परत आणलं हे खरं, आपल्याला हरवलं हेही खरं, पण 2027 च्या आशिया कपला आपण जसे पात्र ठरलो नाही तसे तेही ठरले नाहीत.

इथे लोक मला सांगतात की जपाननेही हेच केलं होतं. रामोस रुई म्हणून ब्राझीलचा एक मिडफिल्डर होता, 1977 मध्ये विशीत इथे आला, 1989 मध्ये जपानी नागरिक झाला, तोही बत्तिशीतच म्हणा. 1992 चा आशिया कप त्याला घेऊन जिंकले, आणि 1993 मध्ये दोह्याला इराकविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल खाऊन वर्ल्ड कप हुकला तेव्हाही तो मैदानात होता. इथली पन्नाशीतली माणसं अजून त्या रात्रीबद्दल घरातल्या दुःखासारखं बोलतात, आमच्या ऑफिसातले एक साहेब तर दोह्याचं नाव निघालं की ग्लास खाली ठेवतात. पण त्याच 1993 मध्ये इथे दहा क्लबांची जे-लीग, म्हणजे जपानची व्यावसायिक लीग, सुरू झाली होती, आज तीन डिव्हिजन मिळून साठ क्लब आहेत. 1998 ला पहिला वर्ल्ड कप, त्यानंतर एकही चुकला नाही. रामोस आला ते ठीकच, पण तो आला तेव्हा बाकीचं घरही बांधून होत होतं.

आणि आता आपल्या नीलकंठरावांच्या, म्हणजे अराताच्या, क्लबांची यादी वाचा. महिंद्रा युनायटेड, 2010 मध्ये बंद. पुणे एफसी, 2012-13 ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मोठ्या लीगमध्ये, दुसरा नंबर काढलेला क्लब, दोन-तीन वर्षांत गुंडाळला. एफसी पुणे सिटी, तिथेही तो खेळला, 2019 मध्ये तोही गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. ज्या माणसाने या देशासाठी जन्माचा पासपोर्ट परत केला त्याचे आपल्या राज्यातले हे तिन्ही क्लब आज नाहीत! या विषयावर आमच्या ग्रुपवर एकही व्हॉइस नोट आल्याचं मला आठवत नाही.

क्लब इथेही बुडतात. योकोहामा फ्लुगल्सचं असंच झालं, स्पॉन्सरने पैसे काढून घेतले आणि शेजारच्या क्लबात विलीन करायचं ठरलं. 1 जानेवारी 1999 ला त्यांनी एम्परर्स कप या जपानच्या मोठ्या स्पर्धेची फायनल जिंकली आणि ती त्यांची शेवटची मॅच. पण सपोर्टर लोक गप्प बसले नाहीत, त्यांनी स्वतः नवा क्लब काढला, योकोहामा एफसी, जो पुढे जे-लीगच्या वरच्या डिव्हिजनपर्यंत गेला. आपण पुणे एफसी गेल्यावर काय केलं? मी इकडे बसून फेसबुकवर एक रडका चेहरा टाकला होता. स्वतःलाही धरूनच बोलतेय.

अराता मात्र गेला नाही. खेळणं संपल्यावर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत पोरांना शिकवायला लागला. मला विचाराल तर त्या पासपोर्टचा खरा मोबदला भारताला तिथे मिळाला असणार, दहाच्या आतल्या त्या मॅचेसमध्ये नाही. तिथल्या एखाद्या चौदा वर्षांच्या पोराला मान फिरवायची सवय लागली असेल तर ती अराताकडून लागलेली असेल, आणि ते पोर कुठून आयात करावं लागणार नाही. चुलतभावा, हा तुझा मुद्दा, तूही घे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं तर दादाने लांबलचक मेसेजला एक अंगठा दिला आणि मग अर्ध्या तासाने लिहिलं, अगं पण तुझ्या पोराकडे भारताचाच पासपोर्ट आहे ना, मग काय प्रॉब्लेम, पाठव की! कागद आहेच. जन्म टोकियोचा, मराठी बोलतो ती जपानी हेल काढून, पुण्यात दोन वर्षांतून तीन आठवडे, पण नियमाच्या हिशोबाने शंभर टक्के चालतो. मी म्हटलं दादा, गेल्या रविवारी ते 5-0 ने हरलेत आणि तुझा भाचा दुसऱ्या हाफला बेंचवर होता. या रविवारी जाळ्या बांधायची पाळी माझी आहे, साडेसातला पोचायचंय, झोपते मी आता.