पारा ३५७ अंशांना उकळतो, म्हणून काय झालं?

थर्मामीटर फुटला तर निर्धास्त राहा, असं सांगणारा एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, तेव्हा घरात त्याची वाफ होणं शक्यच नाही. झालीच तर ती हवेच्या सातपट जड, फरशीलगतच राहील. वास येत नाही, म्हणजे हवेत काही नाही. पारा गिळला तरी बाधत नाही, मग वाफेने काय होणार? केरसुणीने झाडा आणि विसरा.

आकडे बरोबर आहेत. गडबड आहे ती ‘म्हणजे’ आणि ‘तेव्हा’ या शब्दांच्या पुढे.

आधी उत्कलनांक. द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. त्याआधी तो शून्य असतो, असं नाही. दोरीवरचे कपडे वाळायला पाणी १०० अंशांवर न्यावं लागत नाही. २० अंशांना पाऱ्याचा बाष्पदाब असतो सुमारे ०.००१२ मिलिमीटर (दाब मोजतात तो पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत). वातावरणाच्या ७६० मिलिमीटरपुढे किरकोळच. पण धोका जोखायचा तर या दाबाचा हवेतल्या वजनात हिशेब करावा लागतो. बंद जागेतली हवा पाऱ्याने संपृक्त झाली, म्हणजे आणखी वाफ मावणार नाही इतकी भरली, तर दर घनमीटरमागे साधारण १४ मिलिग्रॅम पारा भरतो. एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली आठ तासांची मर्यादा आहे ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे संपृक्त हवेत पारा या मर्यादेच्या साडेपाचशे पट.

खिडकी उघडी असलेली खोली संपृक्ततेपर्यंत पोचत नाही, हे कबूल. पण तिथवर जायची गरजच काय? दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली धरा. हवा कोंडलेली असेल तर मर्यादा गाठायला पाऊण मिलिग्रॅम वाफ पुरते, आणि थर्मामीटरमध्ये पारा असतो साधारण अर्धा ते एक ग्रॅम. त्यात आपला उन्हाळा: ४० अंशांना बाष्पदाब २० अंशांच्या पाचपट होतो.

‘इतका बारीक दाब मोजला कोणी?’ असंही कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. नळीतल्या पाऱ्याची पातळी बघून तो वाचता येणार नाही. म्हणून पाऱ्यावरून नायट्रोजन अगदी सावकाश सोडतात, वायूने उचललेली वाफ पुढे अडकवतात, तिचं वजन काढतात आणि वायूच्या आकारमानावरून दाब काढतात. मग प्रवाह बदलून पुन्हा बघायचं: उत्तर तेच आलं तर वायू खरोखर संपृक्त होता. दुसरी रीत मार्टिन नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाची. निर्वातात एका सूक्ष्म छिद्रातून किती वाफ निसटते त्यावरून दाब काढायचा. १९०९ मध्ये त्यांनी ती वापरली ती पाऱ्यावरच.

आता ‘सातपट जड’. पाऱ्याचा अणू हवेच्या सरासरी रेणूच्या सातपट जड, हे खरं. पण २० अंशांच्या संपृक्त हवेतसुद्धा दहा लाख रेणूंमागे पाऱ्याचे अणू दोनेकच. एवढ्याने हवा जड होत नाही, ती वाफेला घेऊन खोलीभर फिरते.

वासाबद्दल काय बोलायचं! पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. धोका आहे तो त्यामुळेच.

गिळल्याचा मुद्दा मात्र बऱ्याच अंशी बरोबर आहे. धातुरूप पारा निरोगी आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही. पण श्वासातून गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुफ्फुसांतून रक्तात उतरतो, आणि तिथून मेंदूपर्यंत जातो. वाट बदलली की हिशेब बदलतो.

राहिली केरसुणी. तिने एका थेंबाचे शंभर होतात. बाष्पदाब तोच राहतो, पण उघडा पृष्ठभाग वाढल्याने बाष्पीभवन भराभर होतं. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो वाफ घरभर फुंकतो. मुलांना बाहेर काढा, खोलीचं दार लावा, खिडक्या उघडा. जाड कागदाने थेंब एकत्र ढकलून ड्रॉपरने झाकणाच्या बाटलीत घ्या. टॉर्च तिरका धरला की फटीतले थेंब चमकतात, ते चिकटपट्टीने उचला. ती बाटली घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात धरला होता.