तोंडओळख

लॅपटॉपच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली त्याला सहा महिने होऊन गेले होते. पट्टी लाल झाली की माणसाने काहीतरी करायचं असतं, एवढं मला कळतं. म्हणून मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं. मग एके दिवशी चार ओळींची फाइलसुद्धा सेव्ह होईना, तेव्हा बायको म्हणाली, “बाहेरची एक हार्ड डिस्क घेऊन टाक. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं, हे शोधायला मला तीन आठवडे लागले.

क्षमता पाच मिनिटांत ठरली. फोटो-व्हिडिओ मिळून साधारण ८०० जीबी, म्हणजे एक टीबी, हजार जीबी, पुरे. (जोडल्यावर ९३१च दिसतात. बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ने. मधले ६९ कुणी खाल्ले म्हणून मी भांडायच्या तयारीत होतो, ते असो.) एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, वेगवान खरी, पण महाग, आणि माझे जुने फोटो काही कुठे धावत निघाले नव्हते. तेव्हा फिरत्या तबकडीचीच डिस्क घ्यायची.

घोडं अडलं ते जोडणीपाशी.

यूएसबी म्हणजे यूएसबी, अशी माझी भाबडी समजूत. पण २००८ साली जी यूएसबी ३.० म्हणून आली, तिचंच पुढे ३.१ जेन १ झालं आणि नंतर ३.२ जेन १. वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. पगार न वाढवता साहेबाने नुसता हुद्दा बदलून द्यावा, तसला प्रकार. मी मात्र ३.०ला म्हातारी समजून वगळलं आणि ३.२ला तरणीताठी समजून भुललो. वहीत तक्ता आखला: ५, १०, २०, ४० गिगाबिट. दहा घ्यावी की वीस, यावर दोन रात्री तळमळून काढल्या.

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी डोक्यात उजेड पडला, की हे गिगाबिट आहेत, गिगाबाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागायचं असतं. पण ५ला आठाने भागलं तरी सेकंदाला सहाशेच्या वर मेगाबाइट निघतात. आणि आतली अडीच इंची तबकडी, मिनिटाला ५४०० गिरक्या घेऊन घेऊन, देते किती? शंभर, फार तर सव्वाशे. म्हणजे रांजणाची तोटी करंगळीएवढी, आणि पुढचा पाइप केवढा हवा यावर माझं जागरण!

तरीही एका गोष्टीवर मी ठाम होतो. घेईन तर टाइप-सी. जुनी चपटी पिन पहिल्यांदा बसत नाही, उलटी केली तरी बसत नाही, पुन्हा सुलटी केली की मुकाट बसते. यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींतले अजय भट्ट यांनी पुढे सांगितलं, की दोन्हीकडून बसणारी पिन केली असती तर तारा वाढून खर्च दुप्पट झाला असता. २०१४ साली टाइप-सी आली आणि तो जाच संपला. लगेच दुसरा सुरू झाला. आता तोंड एक आणि बोली अनेक. जुळ्या बहिणींसारख्या दोन केबलींतली एक ४० गिगाबिट नेते, दुसरी २००० सालच्या यूएसबी २.०च्या चालीने ४८० मेगाबिटवर रांगते. चेहऱ्यावरून काही पत्ता लागत नाही.

शेवटी डिस्क आली. मी ३.२ मागवली होती, म्हणजे टाइप-सी असणारच. ३.२ हे वेगाचं नाव आणि टाइप-सी हे तोंडाचं, दोघांचं एकमेकांशी असं काही नातं नाही, हे मला खोकं उघडल्यावर कळलं. डिस्कला होतं मायक्रो-बी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक रुंद तोंड, त्याला खेटून एक अरुंद तोंड, मध्ये खाच. मोठ्या भावाचं बोट धरून उभं असलेलं धाकटं पोर. सोबतची केबल जेमतेम दोन विती.

ती लावली तर डिस्क टेबलाच्या कडेवरून लोंबायला लागली. मग ड्रॉवर उपसला. जुन्या फोनच्या चार्जरची एक लांबलचक केबल हाती लागली आणि काय सांगू, तिची पिन त्या मोठ्या भावाच्या तोंडात चपखल बसली! दिवा लागला. डिस्क गुरगुरली. धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं, पण धाकट्याला विचारतो कोण?

कॉपी लावली. आकडा आला: सेकंदाला ३४ एमबी. उरलेला वेळ: साडेसहा तास. मी भीतीने माऊसलाही हात लावला नाही.

चार तासांनी पुतण्या टपकला. त्याने आधी डिस्ककडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काका, ही केबल कुठली?”

“चालतेय की.”

“चालतेय, पण यूएसबी २.०च्या चालीने. वेगाच्या तारा त्या बाजूच्या लहान तोंडात असतात.”

सगळं कसब धाकट्याच्या अंगी होतं तर! पुतण्याने कॉपी थांबवली, लॅपटॉपशेजारी दोन जाडजूड शब्दकोश रचले, त्यावर डिस्क निजवली आणि तीच तोकडी केबल निळ्या पोर्टात खोचली. आकडा ११२वर गेला. उरलेलं सगळं पाऊण तासात आटोपलं. माझ्याकडचे शब्दकोश इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कामी आले.

लाल पट्टीचा सूड घ्यायला म्हणून मी लॅपटॉपवरचे सगळे फोल्डर निवडले आणि डिलीटवर बोट नेलं.

“थांबा, थांबा! तिथलं उडवलंत की ही एकुलती एक प्रत. उद्या ही हातातून पडली म्हणजे?”

“मग काय करायचं?”

“अजून एक डिस्क.”

मी वही उघडली आणि तक्त्याचं पान शोधू लागलो. आतून बायकोचा आवाज आला, “या वेळी तोंड बघून आण!”