कलाशिक्षकाला संगणक येतो, म्हणजे नेमके काय येते?

सातारा जिल्ह्यात कलाशिक्षक म्हणून काम करताना एक गोष्ट मला सतत खटकते. आम्हाला संगणक येतो की नाही, याची पारख ऑनलाइन माहिती भरता येते का आणि स्नेहसंमेलनाचा फलक तयार करता येतो का, एवढ्यावरच होते. ही कामे कोणत्याही विषयाचा शिक्षक करील. कलाशिक्षकाचे डिजिटल कौशल्य त्याच्या चित्रकलेच्या ज्ञानातूनच यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

साधा चित्राचा फोटो घ्या. पिवळ्या दिव्याखाली काढला तर पांढरा कागद पिवळा दिसतो, मोबाइल तिरका धरला तर चौकट एका बाजूला निमुळती होते. प्रकाश आणि यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) आम्ही वर्गात शिकवतोच. तेच ज्ञान कॅमेऱ्यामागे वापरायचे आहे. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापल्यावर मंद का होतो, हेही रंगज्ञानच आहे.

इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेतील संकल्पचित्राची, म्हणजे नक्षीच्या डिझाइनची, तयारी करून घेताना मला याचा सर्वाधिक उपयोग दिसतो. विद्यार्थ्याने हाताने काढलेला एक आकार क्रिता या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये घेतला, की त्यातील सलग पुनरावृत्तीच्या सोयीमुळे नक्षी चारही बाजूंना पसरलेली दिसते, सांधा कुठे चुकला ते लगेच कळते आणि रंगसंगती बदलून पाहण्यासाठी नवा कागद खर्चावा लागत नाही. मात्र पोस्टर कलरचा सपाट, डागविरहित थर द्यायला हातच तयार व्हावा लागतो. त्यामुळे कुंचला बाजूला ठेवून हे शिकवण्याला माझा विरोध आहे.

औंधच्या श्री भवानी संग्रहालयाबाबतही असेच आहे. औंध संस्थानचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेला हा ठेवा आपल्याच जिल्ह्यात असला, तरी प्रत्येक शाळेला तिथे सहल नेणे जमत नाही. प्रोजेक्टरवर चित्राचा तपशील मोठा करून दाखवता येतो, पण तेथील ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्प एकाच फोटोतून कळत नाही. वेगवेगळ्या बाजूंचे फोटो लागतात, आणि मूळ कृतीचा आकार किती, हे शिक्षकाने आवर्जून सांगावे लागते.

हक्कांची जाणीवही यातच येते. आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, तेव्हा इंटरनेटवर सापडलेले प्रत्येक चित्र शाळेच्या अंकात छापता येत नाही. मुलांची चित्रे नावानिशी समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांना विचारणे हा तर साधा शिष्टाचार आहे.

म्हणून ए.टी.डी. या कलाशिक्षक पदविकेच्या विद्यार्थ्यांचे काही सराव पाठ तरी असे घ्यावेत, की ज्यांत हातचे काम आणि पडद्यावरचे काम एकाच तासात जोडलेले असेल. सेवेतील शिक्षकांच्या प्रशिक्षणात मार्गदर्शक म्हणून वर्गावर शिकवणारा कलाशिक्षकच असावा. महागड्या टॅबलेटची वाट पाहण्याची गरज नाही. शाळेतील संगणक कक्ष आठवड्यातून एक तास चित्रकलेच्या वेळापत्रकाला जोडून मिळाला, तरी हे काम सुरू होऊ शकते.