‘अस्सल खान्देशी काढा’ : फिरत्या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

कापसाच्या वेचण्या आटोपत येऊन गव्हा-हरभऱ्याला पाणी भरण्याचे दिवस सुरू झाले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील व्हॉट्सॲप गटांवर ‘अस्सल खान्देशी काढा’ या मथळ्याचा संदेश नव्याने फिरू लागतो. मजकुरात थोडाफार फेरफार होतो, दावे मात्र तेच राहतात. आले, तुळस, गवती चहा, मिरे, लवंग, दालचिनी, हळद, ज्येष्ठमध, गुळवेल आणि लिंबू असे दहा पदार्थ अर्धा तास उकळावेत, त्यात मध घालून पुन्हा उकळी आणावी आणि तो काढा कडकडीत गरम असतानाच दिवसातून पाच वेळा घ्यावा, अशी कृती त्यात दिलेली असते. त्यामुळे घशात दडलेला विषाणू पोटात ढकलला जाऊन मरतो, सर्दी तीन दिवसांत मुळापासून जाते, सहा महिन्यांच्या बाळापासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत सर्वांना तो चालतो आणि डॉक्टरकडे जाण्याची गरज उरत नाही, असेही ठामपणे लिहिलेले असते. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली म्हणून थंडीत वाफ्यात उभे राहणाऱ्या माणसाला परतल्यावर आल्याच्या चहाचा पेला किती हवासा वाटतो, हे कोणाला सांगायला नको. त्या पेल्याच्या नावावर जे खपवले जाते, त्यातील काही निव्वळ चुकीचे आणि काही चक्क धोक्याचे आहे.

पहिला दावा विषाणूचा. सर्दी होण्यास दोनशेहून अधिक विषाणू कारणीभूत ठरू शकतात आणि त्यांत रायनोव्हायरसांचा वाटा सर्वांत मोठा असतो. हे विषाणू प्रामुख्याने नाकाच्या आणि त्यामागील पोकळीच्या अस्तरातील पेशींच्या आत शिरून वाढतात. प्यालेला काढा तेथे पोहोचतच नाही. तो घशातून काही क्षणांत अन्ननलिकेत उतरतो. पेशींत शिरलेला विषाणू मरेल इतके गरम पेय घेतले, तर त्याआधी आपलाच घसा भाजेल. कडकडीत पिण्याच्या हौसेबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची पेये नेहमी पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. फुंकर न घालता सहज घोट घेता येईल इतपत निवल्यावरच पेला तोंडाला लावावा.

मग बरे वाटते ते कशामुळे? ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात सर्दी झालेल्या ३० जणांना फळाच्या रसाचे एकच पेय गरम किंवा खोलीच्या तापमानाला देऊन पाहिले गेले आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरम पेयाने वाहते नाक, खोकला, शिंका, घशाची खवखव, हुडहुडी आणि थकवा या सर्वांत लगेच उतार जाणवला. साध्या तापमानाच्या पेयाने त्यांतील पहिल्या तीनच तक्रारी कमी झाल्या. विशेष म्हणजे नाकातून जाणारी हवा उपकरणाने मोजली, तेव्हा तिच्यात फरक पडलेला नव्हता. गरम पेय आराम देते आणि तो आराम खरा असतो, परंतु आजाराचा कालावधी त्याने घटल्याचे या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

‘तीन दिवसांत मुळापासून’ हा दावा टिकून राहण्याचे कारण सर्दीच्या स्वभावातच आहे. तिचा जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि सात ते दहा दिवसांत ती आपसूक ओसरते. माणूस काढ्याकडे वळतो तो बहुधा त्रास अगदी शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे उतार सुरू होण्याची वेळ आणि काढ्याचा तिसरा दिवस एकच येतो. श्रेय काढ्याला मिळते आणि संदेश पुढच्या गटावर जातो.

सगळेच पदार्थ अर्धा तास उकळण्याचा आग्रह तर आयुर्वेदालाही धरून नाही. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच कषायकल्पना, म्हणजे औषधी द्रव्ये तयार करण्याच्या पद्धती, त्यात सांगितल्या आहेत. कठीण मुळ्या आणि साली आटवून त्यांचा क्वाथ करतात, तर फांट म्हणजे गरम पाण्यात द्रव्य थोडा वेळ ठेवून गाळून घेणे. तुळशीतील युजेनॉल आणि गवती चहातील सिट्रल ही सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. उघड्या पातेल्यात अर्धा तास खळखळ उकळले की स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो आणि पेल्यात कडवट तपकिरी पाणी उरते. त्यापेक्षा दोन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले आणि दोन-तीन जाडसर कुटलेले मिरे पाचेक मिनिटे उकळावेत, गॅस बंद करून तुळशीची चार-पाच पाने व गवती चहाच्या दोन पाती हाताने चुरडून त्यात टाकाव्यात आणि झाकण ठेवावे. पाच मिनिटांनी झाकण उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूने जे थेंब ओघळतात, तेही पातेल्यातच झटकावेत, कारण हवा तो वास त्यांत असतो. गाळून गुळाचा लहान खडा घातला की झाले. लिंबाच्या ‘क’ जीवनसत्त्वाचे संदेशात फार कौतुक असते, पण ते उष्णतेने कमी होते आणि सर्दी झाल्यानंतर ते सुरू केल्याने ठोस फायदा झाल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. चवीसाठी पिळायचे तर पेला निवल्यावर पिळावे.

दहा पदार्थ आणि दिवसातून पाच पेले, हा भाग मात्र सविस्तर तपासायला हवा. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका एवढेच जिन्नस होते आणि तो दिवसातून एक-दोनदा घ्यायला सांगितला होता. संदेशकर्त्याने जिन्नस दुप्पट केले, मात्रा अडीच ते पाच पटींवर नेली आणि वर ‘खान्देशी माणसाला तिखटाचे काय भय’ अशी मखलाशीही केली. भय तिखटाचे नसून पित्ताचे आहे. मिरे-लवंगांच्या जोरावर घटकाभर नाक मोकळे वाटते, पण ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांच्या घशाशी आंबट येऊन खोकला उलट वाढू शकतो. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन अधिक प्रमाणात नियमित पोटात गेले तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. म्हणजे संदेश ज्या आजोबांना पाच पेले घ्यायला सांगतो, त्यांच्या खिशात रक्तदाबाची गोळी असेल तर नेमका त्यांनाच धोका अधिक. बाजारात दालचिनी म्हणून बहुतेक ठिकाणी जी जाड साल मिळते ती कॅसिया जातीची असते आणि तिच्यातील कुमारिन सतत मोठ्या मात्रेत घेतल्यास यकृताला घातक ठरू शकते. गुळवेलीबाबत मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असा आक्षेप घेतला. हा वाद बाजूला ठेवला तरी बांधावरच्या निंबावर चढलेली वेल नेमकी कोणती हे प्रत्येकाला ओळखता येईलच असे नाही, आणि मंत्रालयाचा आक्षेप मान्य केला तर सावधगिरीचे कारण आणखी बळकट होते.

सर्वांत गंभीर चूक बाळांबाबत आहे. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा निरुपद्रवी ठरतात, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात आणि स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. ‘आम्ही उकळतो’ हे उत्तर येथे कामाचे नाही, कारण हे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. ‘सातपुड्यातला शुद्ध रानमध आहे’ हेही नाही, कारण हा प्रश्न भेसळीचा नाहीच. शिवाय आयुर्वेदही मध तापवू नये असेच सांगतो; परंपरेचा हवाला देणाऱ्या संदेशाने परंपरेचा हा नियम का गाळला, हे कळत नाही. वर्षावरील मुलांना मात्र झोपण्यापूर्वी थोडा मध दिल्यास रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. मधुमेह असलेल्यांनी मध आणि गूळ दोन्ही साखरेतच मोजावेत.

उरला डॉक्टरचा प्रश्न. साध्या सर्दीला प्रतिजैविके लागत नाहीत, कारण ती विषाणूंवर चालत नाहीत. एवढ्यापुरता संदेश बरोबर आहे. पण त्यावरून डॉक्टरच नको असा निष्कर्ष काढता येत नाही. बाळ शांत असताना त्याचे पोट-छाती वरखाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत : दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, छाती आत ओढली जात असेल किंवा मूल दूध-पाणी घेत नसेल, तर पातेले चुलीवर चढवण्यात वेळ न घालवता त्याला दवाखान्यात न्यावे. मोठ्या माणसाला दम लागत असेल किंवा ताप तीन दिवसांनीही उतरत नसेल तर तपासणी हवीच. आणि खोकला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकला, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी; सरकारी आरोग्य केंद्रामार्फत ती विनामूल्य होते.