काकाजींचा पेचकस

पोळ्यापासून गावाकडच्या ग्रुपवर एकच वाद पेटलाय. आपल्या कंपन्या नुसती जुळवाजुळव करतात, स्वतःचं काही काढत नाहीत, असं एकाने टाकलं आणि सगळे तुटून पडले. मी दक्षिण कोरियात, उल्सानला, मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. त्यामुळे मलाच विचारतात, तिथल्या लोकांचं डोकं वेगळं असतं का?

नसतं. ह्युंदाईने 1968 मध्ये याच शहरात फोर्डच्या कॉर्टिना मोटारी जुळवूनच सुरुवात केली. पुढे त्यांची स्वतःची मोटार पोनी आली, तिच्यात इंजिन मित्सुबिशीचं. इंजिनाचं डिझाइन मात्र मित्सुबिशी देईना. मग 1984 मध्ये यांनी इंग्लंडच्या रिकार्डो कंपनीची मदत घेत स्वतःच्या इंजिनाचं काम हाती घेतलं. अल्फा इंजिन बाजारात आलं 1991 मध्ये. सरकारी कर्जाला निर्यातीची अट होती, म्हणून मालकांनाही स्वस्थ बसता येत नव्हतं, हेही खरं.

डोकं तर आपल्याकडेही आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 मध्ये पटेल 3 धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत एचएमटी वाण काढलं. शेत होतं दीड एकर!

बारावीनंतर मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, दोन हंगाम काढले. तिथले फिटर काकाजी पेचकसाचं टोक बेअरिंगला टेकवून मूठ कानाला लावायचे आणि कोणता बेअरिंग जाणार ते आठवडाभर आधी सांगायचे. पहिल्या वेच्याचा कापूस ओलसर असला की रोलरवरचा सुरीचा दाब अंदाजाने बदलायचे. सरकी फुटायची नाही. मी म्हटलं, काकाजी, हे लिहून काहून नाही ठेवत?

"लिवून कोनाले दाखवू बापा? मालक म्हनते, गाठी किती झाल्या थे सांग."

इथे तुटलेला प्रत्येक भाग एका ट्रेमध्ये जातो. त्यावर चिठ्ठी असते: कधी तुटला, मशीनवर कोण होतं, आधी आवाज कसा येत होता. दर सोमवारी इंजिनिअर आणि मिस्त्री तो ट्रे समोर घेऊन बसतात, आणि मिस्त्री आधी बोलतो. आमच्या जिनिंगमध्ये कापूस तंत्रज्ञान मोहिमेच्या अनुदानातून नवी यंत्रं आली. काकाजी शेवटपर्यंत हंगामीच राहिले. ते काम सोडून गेल्यावर त्याच यंत्रांवर सरकी फुटू लागली. हे मला अजूनही सलतं.

दिवाळीत जाड रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे बसणार आहे. परवा फोन केला, तर म्हणाले, "लवकर ये बापा, आता कानाले कमी आयकू येते."